पांढरी राळ

मंगळवार, ६ ऑगस्ट, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. बियाणेवनात उभी झाडे : दोनशे बारा.

एवढे लिहून झाल्यावरच सर्वेक्षकांनी फाटकाची कडी काढली. आत शिरण्यापूर्वीचा आकडा आत शिरण्यापूर्वी लिहावा, नंतर मन त्यात ढवळाढवळ करते, असे ते वनतंत्र विद्यालयात पंचवीस वर्षे शिकवत आले होते. निवृत्तीनंतर विभागाने त्यांना पुन्हा बोलावले, कारण समोरच्या डोंगराचा उतार जूनमध्ये पिवळा पडला आणि जुलैत विटकरी झाला. एवढ्या झाडांची तपासणी करायला माणसे पुरत नव्हती.

फाटकाच्या आत त्यांच्या वहिनी थर्मास घेऊन उभ्या होत्या.

"सातला येतो म्हणालात आणि वीस मिनिटं आधी हजर," त्या म्हणाल्या. "तुमचे दादा असते तर साडेसातला उगवले असते आणि वर मलाच विचारलं असतं, चहा गार का म्हणून."

"दादासाठी झाडं थांबायची, वहिनी. माझ्यासाठी आदेश थांबत नाही."

"आदेश दुपारी वाचा. आधी चहा घ्या."

हे बियाणेवन दादांनी उभे केले होते. तीस वर्षांपूर्वी अख्खा उतार पायांखाली घालून त्यांनी सरळ खोडाची, बारीक फांद्यांची, निरोगी पाइनची झाडे हेरली आणि त्यांच्यामधली वेडीवाकडी झाडे काढून टाकली. उरले ते मातृवृक्ष. त्यांच्या शंकूंतले बी खालच्या रोपवाटिकेत पेरले जाई आणि तिथली रोपे दूरदूरच्या डोंगरांवर जात. दादा चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून वन आणि रोपवाटिका दोन्ही वहिनी सांभाळत होत्या. मूल नव्हते. कुणी विचारलेच तर त्या म्हणत, "आहेत की, दोनशे बारा. शिवाय एकही उलट उत्तर देत नाही."

आदेश सरळ होता. कीड लागलेले प्रत्येक झाड पंधरा दिवसांत तोडून न्यायचे. निम्मी झाडेही उरली नाहीत, तर बियाणेवनाची मान्यता रद्द आणि रोपवाटिका बंद.

"म्हणजे एकशे सहा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, मला एकशे सहा झाडं हवीत. त्याच्यावर एकही मागत नाही."

"मी झाडं देत नाही, वहिनी. मी मोजतो."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्यावर विश्वास आहे."

पाइनच्या झाडाला पळता येत नाही आणि हात उगारता येत नाही. त्याचे शस्त्र एकच, राळ. तांदळाच्या दाण्याएवढा एक काळपट भुंगेरा साल पोखरून आत शिरू लागला, की झाड त्या छिद्रातून राळ बाहेर ढकलते. भुंगेरा तिच्यात बुडतो, आणि ती राळ खोडावर पुंगळीसारखी गोठून बसते. पण राळ ढकलायला दाब लागतो आणि दाबाला पाणी लागते. सलग तीन वर्षे पाऊस निम्म्याने झाला होता. पाणी वाचवण्यासाठी झाड पानांची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते. त्याने तहान लांबते, पण अन्न तयार होणेही थांबते. अशा उपाशी झाडात एक भुंगेरा सुखरूप शिरला, की तो वास सोडतो आणि मग पाहुणा पाहुण्यांना बोलावतो. शेकडो येतात. माद्या सालीखाली अंडी घालतात. ज्या थरातून झाडाचे अन्न खाली मुळांकडे उतरते, नेमका तोच थर अळ्या खाऊन टाकतात. यातले सर्वांत कठीण असे, की आतून संपलेले झाड बाहेरून कित्येक आठवडे हिरवेच दिसते.

म्हणून पाहणीची एक ठरलेली पद्धत होती. खोडाभोवती पूर्ण फेरी मारायची, डोक्याच्या उंचीपर्यंत राळेच्या पुंगळ्या मोजायच्या, पाचांपेक्षा जास्त भरल्या तर खोडावर लाल पट्टा. सर्वेक्षकांनी ही पद्धत विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवली होती आणि ती पुस्तिका लिहिणाऱ्या समितीत ते स्वतः होते.

तीन दिवस ते एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जात राहिले. वहिनी रंगाचा डबा घेऊन मागोमाग. त्या वर्षी धुळीला सुमार नव्हता. खालच्या कच्च्या रस्त्यावरून एक गाडी गेली तरी तिची धूळ दुपारपर्यंत हवेत तरंगे आणि मग सालीच्या प्रत्येक चिरेत जाऊन बसे. लाल पट्टे बहुतेक खालच्या अंगाला पडत होते, जिथे माती खोल होती. वरच्या खडकाळ अंगाची खोडे कोरडी आणि स्वच्छ निघत होती.

"वरची बरी आहेत म्हणायची," वहिनी म्हणाल्या. "काटक आहेत."

"दिसतं तसं."

तिसऱ्या दिवशी ते बाकड्याच्या झाडापाशी आले. वरच्या अंगाचे हे झाड दादांनी सर्वांत आधी निवडलेले, आणि त्याच्या बुंध्याशी त्यांनी स्वतःच्या हाताने एक बाकडे ठोकले होते. त्याचा एक पाय आखूड होता. दुपारचा डबा वहिनी तिथेच खात. बसण्यापूर्वी त्यांनी सवयीने फडक्याने फळी पुसली. चहाच्या भुकटीसारखा तपकिरी भुगा फडक्याला लागला. तो त्यांनी झटकला.

"काय ही धूळ! सकाळी पुसावं, तर दुपारी तेवढीच."

"रस्ताच उडतोय सगळा," सर्वेक्षक म्हणाले आणि खोडाभोवती फिरले. मग उलट्या दिशेने पुन्हा एकदा फिरले. पुंगळी एकही नव्हती.

"निर्दोष."

"नीट बघा. माझं तोंड बघून सांगू नका."

"तोंड बघून सांगणारा असतो, तर तुमच्या लग्नाआधीच सांगितलं असतं की दादा घोरतो."

वहिनी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. त्या संध्याकाळी लाल पट्टे सत्त्याऐंशी भरले. उरणार होती एकशे पंचवीस.

"एकोणीस जास्तच," त्या म्हणाल्या आणि बाकड्यावर बसून राहिल्या. डोळे पुसताना त्यांच्या हातात तेच फडके होते. गालाला तपकिरी भुगा लागला. सर्वेक्षकांनी तो पाहिला आणि नजर वहीकडे वळवली.

तोडणीची टोळी सोमवारी आली. मुकादमाला सगळे भोंगा म्हणत, कारण तो यंत्रकरवत चालू असतानाही बोलायचा आणि ऐकूही जायचा. पहिले झाड पडले तसा वाद सुरू झाला. नियम असा, की तोडलेल्या झाडाचा शेंडा आणि फांद्या त्याच दिवशी यंत्रात घालून त्यांचा भुसा करायचा. सालीत कीड राहता कामा नये. वहिनी फांद्यांच्या ढिगापुढे गोणपाट घेऊन उभ्या राहिल्या.

"शंकू काढल्याशिवाय एक फांदी यंत्रात जायची नाही."

"बाई, यंत्राचं भाडं तासावर आहे!" भोंगा ओरडला.

"तुझं यंत्र नुसतं बघत उभं राहिलं तरी भाडं तेवढंच. बघू दे."

सर्वेक्षक मध्ये पडले. "वहिनी, हे शंकू ऑक्टोबरात पिकतात. आत्ता त्यांच्यात दाणा नाही, नुसतं पाणी आहे. काढून काही उपयोग नाही."

"यंदा पाणी तरी कुठं मिळतंय? पाणी तर पाणी."

"नियम आहे, वहिनी."

"नियम सालीचा आहे. शंकूला कुठं साल असते? तुमच्या पुस्तिकेत शंकूंबद्दल काय लिहिलंय?"

सर्वेक्षकांनी आठवून पाहिले. ते उगाच आठवल्यासारखे करणारे गृहस्थ नव्हते. "काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे मनाईही नाही."

भोंगा खो खो हसला. "साहेब, घरच्या माणसाशी वाद घालायला पुस्तिका पुरत नाही!" आणि त्याने स्वतःच टोळीतल्या दोघांना फांद्या धरायला लावले.

अकरा दिवस हेच चालले. पुढे करवत, मागे गोणपाट. भोंग्याची दुसरी तक्रार मात्र संपत नव्हती. दर दोन झाडांमागे त्याला करवत थांबवून साखळी रॉकेलने पुसावी लागे.

"काय चिकट झाडं आहेत ही! म्हणे मरायला टेकलीत. मरायला टेकलेलं असं अंगावर येतं का?"

"तुझ्या आवाजाला घाबरून घाम फुटतोय त्यांना," वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. सर्वेक्षकही.

शेवटच्या दिवशी, बावीस ऑगस्टला, लाकडाने भरलेला ट्रक वरच्या वळणावर अडकला. एक झाड आडवे येत होते. त्याच्यावर पट्टा नव्हता. सर्वेक्षकांनी वहिनींकडे पाहिले.

"एकशे चोवीस राहतील," त्या म्हणाल्या. "चालेल. पाडा."

भोंग्याने करवत लावली. ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. झाड पडले, त्याने साखळी वर करून पाहिली आणि खूश होऊन ओरडला, "याला म्हणतात झाड! एक थेंब नाही. बघा साहेब, साखळी कोरडी ठणठणीत!"

सर्वेक्षक वाटेवर उभे होते. ते हसले नाहीत. आधी ते लाल पट्टा असलेल्या एका ओंडक्याकडे गेले, पटाशीने त्याच्यावरची एक पांढरी पुंगळी काढली आणि भिंग लावले. आत एक भुंगेरा होता. बुडालेला, पाय पोटाशी घेतलेला. त्यांनी दुसरी पुंगळी काढली. तिच्यातही तेच. तिसरीतही. मग आत्ताच पडलेल्या कोरड्या झाडाशी ते गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या सालीखाली पटाशी सारली. जोर लावावा लागला नाही. जुन्या भिंतीचा पोपडा निघावा तशी हातभर साल निघून आली. आतल्या बाजूला बोगद्यांचे जाळे होते. एक उभी वाट, तिला दोन्हीकडून फुटलेल्या बारीक वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाशी एकेक पांढरी अळी. चिरांमधून तपकिरी भुगा गळत होता, चहाच्या भुकटीसारखा.

करवत बंद झाली होती.

"काय झालं?" वहिनी जवळ आल्या. सालीचा तुकडा त्यांनी उलटसुलट करून पाहिला, बोटाला लागलेला भुगा पाहिला आणि पुष्कळ वेळ त्या बोटाकडेच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाकड्याचं बघू चला."

"उद्या बघू, वहिनी."

"आत्ता."

दोघे वर चढले. बाकड्यावर सकाळपासूनचा भुगा साचला होता. वहिनींनी तो पुसला नाही. सर्वेक्षकांनी छातीच्या उंचीवर पटाशी लावली आणि एकदाच ठोकली. साल सुटली.

माथ्यावर झाड हिरवेगार होते. वारा आला तेव्हा त्याची पाने नेहमीसारखीच वाजली.

"जी झाडं राळ टाकत होती, त्यांच्यात लढायला पाणी शिल्लक होतं," सर्वेक्षक म्हणाले. वाक्य नीट लावण्याची त्यांची सवय याही वेळी सुटली नाही. "ही राळ टाकत नव्हती, कारण त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं. पुस्तिका लिहिली तेव्हाची सगळी झाडं पाणी प्यायलेली होती. तेव्हा पुंगळी नाही याचा अर्थ कीड नाही, असाच होत होता. वहिनी, जी जगू शकत होती ती मी तोडली. आणि ही ठेवली."

"सगळी जगली असती?"

"सगळी नाही. काही. किती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

वहिनी बाकड्यावर बसल्या. आखूड पायामुळे ते नेहमीप्रमाणे डुगडुगले.

"तुमच्या दादांचं हेच," त्या म्हणाल्या. "एकदा तरी कण्हले असते, तर डॉक्टरकडे नेलं असतं. विचारलं की म्हणायचे, मला काय धाड भरलीय? मी म्हणायची, काटक माणूस." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "भाऊजी, तुम्हाला तरी कळलं होतं का?"

"नाही."

"मग झाडाचं कसं कळणार होतं."

ही क्षमा होती की नुसते म्हणणे होते, ते सर्वेक्षकांना ठरवता आले नाही. त्यांनी सालीचा तुकडा खोडावर जिथून निघाला होता तिथे परत लावून पाहिला. तो बसला नाही.

पुढचे दोन दिवस त्यांनी पटाशी घेऊन उरलेली झाडे पाहिली. तिसऱ्या दिवशी विभागाच्या कार्यालयात अधिकाऱ्यासमोर उभे राहून सांगितले की पाहणी चुकली आहे, चूक पद्धतीची आहे, आणि ती पद्धत लावणारे आपणच आहोत. अधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलं तसंच मीही केलं असतं." सर्वेक्षकांना ते ऐकून बरे वाटले नाही.

सप्टेंबरच्या मध्याला माथे फिकट झाले आणि ऑक्टोबरात बाकड्याचे झाड तांबडे पडले. भोंगा टोळी घेऊन पुन्हा आला. या वेळी त्याला साखळी एकदाही पुसावी लागली नाही. बाकड्याचे झाड पाडण्यापूर्वी त्याने बाकडे उचलून स्वतः रोपवाटिकेच्या शेडमध्ये आणून ठेवले. "पाय आखूड आहे याचा," तो शक्य तितक्या हळू म्हणाला. "ठोकून देऊ?"

"नको," वहिनी म्हणाल्या.

बियाणेवनात तेरा झाडे उरली. मान्यता रद्द झाली. रोपवाटिकेतली माणसे दिवाणजीपासून माळ्यापर्यंत एकेक करून निघून गेली. जागा रिकामी करायला वहिनींना एप्रिलअखेरपर्यंत मुदत मिळाली.

सर्वेक्षक मात्र रोज सकाळी येत राहिले. शेडमध्ये शंकूंची पोती रचून ठेवलेली होती. त्यांच्यात पाणी आहे म्हणून ज्यांनी सांगितले होते, तेच आता ते शंकू जाळीवर पसरून रोज उलटेपालटे करत होते. एकदम ऊन लावले तर कच्चा शंकू मिटूनच बसतो. त्याला सावलीत, हळूहळू, फसवत फसवत वाळवावा लागतो. डिसेंबरात खवले उघडू लागले. दोघे समोरासमोर बसून शंकू आपटत, निघालेले दाणे पाखडत. बहुतेक दाणे पोकळ होते, फुंकरीने उडून जात.

"हे सगळे दाणे लाल पट्ट्याच्या झाडांचे ना?" वहिनींनी एकदा विचारले.

"सगळे."

"म्हणजे लढणारीच."

"हो. पण बी पुरतं भरण्याआधी तोडलेली, वहिनी. फार आशा धरू नका."

"भाऊजी, तुम्हाला सांत्वन करता येत नाही हे मला लग्नापासून माहीत आहे. पाखडा."

फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी ओसरल्यावर, त्यांनी दाणे वाफ्यांत पेरले. पाणी बादलीने मोजून घालावे लागले. वहिनी पुढच्या टोकाकडून घालत, सर्वेक्षक मागच्या. मार्च कोरडा गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका वाफ्यात मातीला बारीक भेग पडली आणि तिच्यातून बियाचे टरफल टोपीसारखे डोक्यावर घेऊन एक हिरवा देठ वर आला.

वीस एप्रिलला, शेडची किल्ली परत करण्याच्या आधी, दोघांनी अखेरची मोजणी केली. वहिनींनी एका टोकाकडून मोजले, सर्वेक्षकांनी दुसऱ्या. मधोमध भेटल्यावर दोघांनी आपापला आकडा सांगितला. तो जुळला. वहिनींनी पुन्हा एकदा मोजायला लावले. तेव्हाही जुळला.

"आता लिहा," त्या म्हणाल्या.

पेरलेले दाणे : सहा हजार चारशे. उगवलेली रोपे : सतरा.